झडती घेणाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असावे का?

सागरपार (चर्चाप्रस्ताव)
१ नोव्हेंबर २०१३ रोजी सकाळी लॉस एंजेलिस विमानतळाच्या टर्मिनल ३ मध्ये एका तरुणाने सामानातून रायफल काढली आणि प्रवाशांची कागदपत्रे पाहणाऱ्या गेरार्डो हर्नांडेझ या ३९ वर्षांच्या कर्मचाऱ्यावर गोळ्या झाडल्या. जिना चढून वर गेल्यावर त्याने मागे वळून पाहिले, हर्नांडेझ हलताना दिसले, तेव्हा तो परत खाली आला आणि त्याने पुन्हा गोळ्या झाडल्या. त्यानंतर तो तपासणीच्या जागेतून आत शिरला. आणखी दोन कर्मचारी आणि एक प्रवासी जखमी झाल्यावर विमानतळाच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घालून पकडले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या टीएसए या अमेरिकी सुरक्षा यंत्रणेचा कर्तव्यावर मारला गेलेला हा पहिला कर्मचारी होता.

कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यानंतर केलेली मागणी अनेकदा चुकीची सांगितली जाते. चाळीस हजारांहून अधिक तपासनीसांच्या हाती सरसकट पिस्तूल द्या, असे ती म्हणत नव्हती. टीएसएमध्येच अटकेचे अधिकार असलेला सशस्त्र वर्ग तयार करून त्याची माणसे प्रत्येक तपासणी नाक्यावर ठेवा, असे तिचे म्हणणे होते. मला ही मागणी रास्त वाटते. लॉस एंजेलिसला पूर्वी नाक्याशेजारीच पोलिसाची उभे राहण्याची जागा ठरलेली असे. घटनेच्या काही महिने आधी ती पद्धत बदलली आणि तीन मिनिटांत नाक्यावर पोहोचता येईल इतक्या अंतरावर पोलिसांनी फिरते राहिले तरी चालेल, असे ठरले. तीन मिनिटे कागदावर थोडी दिसतात, पण त्या दिवशी एवढ्या वेळात काय काय उरकले गेले ते वर लिहिलेच आहे.

वाटसरू
मी या मताच्या पूर्ण विरोधात आहे, आणि त्याचे कारण प्रत्येक प्रवाशाने डोळ्यांनी पाहिलेले आहे. नाक्यावरचा माणूस काय करत असतो? एक जण पडद्यावरच्या नारिंगी-हिरव्या चित्रांत नजर रोवून बसलेला असतो, दुसरा हातमोजे घालून कोणाच्या तरी पिशवीत कोपरापर्यंत हात घालून उभा असतो, आणि तिसरा हात पसरून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या कमरेभोवती हात फिरवत असतो. या तिघांचीही पाठ बहुतेक वेळ कोणाकडे तरी असते. अशा माणसाच्या कमरेला पिस्तूल लटकवणे म्हणजे ज्या वस्तूला आत जाण्यापासून अडवायचे, तीच वस्तू रांगेतल्या प्रत्येकाच्या हाताच्या अंतरावर आणून ठेवणे होय. पट्टे काढून उभ्या असलेल्या शे-दीडशे माणसांच्या दाटीत दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू झाला, तर कोणाची गोळी कोणाला लागेल हे कोणी सांगावे?

कृष्णाकाठ
वाटसरू यांनी मूळ मागणी पुन्हा वाचावी. पिशवीत हात घालणाऱ्याला पिस्तूल द्या असे सागरपार यांनी म्हटलेलेच नाही. सशस्त्र माणूस जागेवर असला की काय होते, याची दोन उदाहरणे देतो. ४ जुलै २००२ रोजी याच लॉस एंजेलिस विमानतळावर एल अल या इस्रायली विमान कंपनीच्या तिकीट खिडकीसमोर एकाने गोळीबार करून दोघांना ठार मारले. तिथेच हजर असलेल्या कंपनीच्या सुरक्षारक्षकाने त्याला ठार केले. मार्च २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला एक जण कोयता आणि गांधीलमाशा मारण्याचा फवारा घेऊन तपासनीसांवर धावून गेला, तेव्हा नाक्यावर असलेल्या शेरीफ कार्यालयाच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक पोलिसांच्या) महिला अधिकाऱ्याने गोळ्या झाडून त्याला रोखले. त्याच्या पिशवीत पेट्रोल बॉम्बही निघाले. ती अधिकारी तीन मिनिटांच्या अंतरावर असती तर?

वाटसरू
न्यू ऑर्लिन्सच्या त्याच प्रसंगात एका महिला तपासनीसाच्या दंडाला गोळी लागली आणि ती हल्लेखोराची नव्हती, कारण त्याच्याकडे बंदूकच नव्हती. गोळी झाडणारी अधिकारी पूर्ण प्रशिक्षित होती, तरी हे घडले. शिवाय तुमची दोन्ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. एल अलचा रक्षक तिकिटे तपासत नव्हता आणि शेरीफ कार्यालयाची अधिकारी सामान पाहत नव्हती. दोघांकडे राखणीचे एकच काम होते. पोलीस नाक्याजवळ उभे करा, याला माझी अजिबात हरकत नाही. त्यासाठी टीएसएमध्ये दुसरे पोलीस दल कशाला हवे?

जुनाजवान
मी काही वर्षे आपल्याकडच्या एका विमानतळावर बंदोबस्ताला होतो, म्हणून लिहितो. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानाचे अपहरण झाल्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून टप्प्याटप्प्याने सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे आली आणि २००० मध्ये जयपूरपासून त्याची सुरुवात झाली. म्हणजे आपल्याकडे झडती घेणारा आणि बंदूकधारी हे एकाच दलाचे, एकाच वर्दीतले. तरीही मी जिथे होतो तिथे फ्रिस्किंगला (अंगझडतीला) उभा राहणारा जवान हातात फक्त मेटल डिटेक्टर घेऊन असे, आणि रायफलवाला बाहेर मोर्चात (पहाऱ्याच्या आडोशात) किंवा क्यूआरटीच्या, म्हणजे तातडीने धावून जाणाऱ्या तुकडीच्या, गाडीजवळ असे. पाळी बदलली की कालचा फ्रिस्किंगवाला आज हत्यार जमा-खर्चाच्या वहीत सही करून रायफल घेई. एका पाळीत दोन्ही कामे कधीच नसत. आठ तास बगला आणि खिसे चाचपल्यावर माणसाच्या नजरेत काय उरते ते मला ठाऊक आहे. म्हणून कामे वेगळी असावीत हे वाटसरू यांचे म्हणणे मला पटते. मात्र दल वेगळे असलेच पाहिजे, हे पटत नाही. एका दलात निरोप लवकर पोहोचतो. दोन दलांत फोन कोणी उचलायचा इथपासून तयारी असते.

कृष्णाकाठ
फोनचा विषय निघालाच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नाक्यांवर प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक भरलेल्या होत्या. भरलेले पिस्तूल पडद्यावर दिसल्यावर तपासनीसाने काय करायचे, तर पोलिसांना बोलावून वाट पाहायची!

वाटसरू
वाट पाहायची, पण पट्टा थांबवून. पिशवी यंत्राच्या पोटातच राहते, तिला तपासनीस हात लावत नाही, पोलीस येऊन ती बाहेर काढतात. पिस्तूलवाला प्रवासी त्या क्षणी मोकळ्या हातांनी उभा असतो. या कामाला कमरेला हत्यार लागत नाही, डोके थंड असावे लागते. आणि अशांतले बहुतेक जण पिशवीत ते असल्याचे विसरलेले असतात (हे कसे विसरता येते, ते विचारू नका).

सागरपार
जुनाजवान यांच्या प्रतिसादाने मला माझी भूमिका थोडी सरकवावी लागत आहे. लॉस एंजेलिसच्या गोळीबाराच्या २०१४ च्या चौकशीत काय आढळले ते पाहा. टर्मिनल ३ वर नेमलेले दोन पोलीस नियंत्रण कक्षाला न कळवता विश्रांतीसाठी गेले होते. नाक्यावरच्या एका पर्यवेक्षकाने फोन उचलला खरा, पण उत्तर मिळण्याआधीच जीव वाचवण्यासाठी पळावे लागले, आणि पलीकडच्या माणसाला नुसता गोंधळ ऐकू आला. टीएसएने नंतर तपासनीसांना शस्त्र देण्याची शिफारस केलीच नाही. गर्दीच्या वेळी नाक्यावर पोलीस असावेत आणि धोक्याच्या घंटा नियमित तपासाव्यात, असे सुचवले. २०१५ मध्ये हर्नांडेझ यांच्या नावाचा कायदाही झाला, तोही नियोजनाबद्दलच. वेगळ्या सशस्त्र वर्गाचा माझा आग्रह मी तूर्त बाजूला ठेवतो. पण "गर्दीच्या वेळी" हे शब्द मला मान्य नाहीत. पहाटे चारच्या विमानाला नाक्यावर दोनच तपासनीस असतात आणि आसपास चिटपाखरू नसते. त्या दोघांनी घंटा वाजवली, तर ती ऐकणारा माणूस कुठे उभा असेल, एवढे तरी कोणी लिहून द्यावे.

जुनाजवान
आमच्याकडे ते मोर्चाच्या भिंतीवर लावलेल्या ड्युटी तक्त्यात असे. पहाटे चारच्या रकान्यातही नाव लिहिलेले असे, आणि रात्री फेरीवर येणारा निरीक्षक त्या नावाचा माणूस जागा आहे की नाही, ते बॅटरी मारून पाहत असे.