मदत हवी आहे : अडीच रुपयांची नोट दमट हवेत कशी टिकवू?

वेंगुर्ल्याच्या घरी पणजोबांच्या दस्तांत दोन रुपये आठ आण्यांची नोट मिळाली. पंचम जॉर्जचं चित्र, तेव्हाचे सरकारी अधिकारी गब्बे यांची सही. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यावर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट निघाली, मागोमाग जानेवारी १९१८ मध्ये ही. एक रुपयावाली अधूनमधून दिसते, ही फारच क्वचित.

नोटेला टाचणी गंजून चिकटलीय, घडीवर कसर लागलीय. टाचणी ओढू की राहू दे? लॅमिनेशन सुचवू नका, ते मी करणार नाही! पावसाळ्यात इथे कपाटातले कपडेसुद्धा बुरसटतात. किनाऱ्यालगत राहून नोटा जमवणारे कोणी आहात का? पाकीट कसलं वापरता, सिलिका जेल किती दिवसांनी बदलता? विकायची नाहीये, भाव सांगू नका.