करिंथच्या देवळातलं मांस: पौलाने नक्की काय मना केलं?

भाष्यकार (धागाकर्ता)
मूर्तीला वाहिलेलं मांस ख्रिस्ती माणसाने खावं का? करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (साधारण इ.स. ५३-५५) प्रेषित पौल आठव्या अध्यायात म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे. दहाव्यात म्हणतो, परराष्ट्रीयांचे यज्ञ भुतांना जातात. आणि तिथेच १०:२५ (अध्याय १०, वचन २५) मध्ये सांगतो, बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा. प्रवचनांतून यावर एकच सारवासारव ऐकू येते: 'दुसऱ्याची विवेकबुद्धी सांभाळा.' माझ्या मते मनाई त्याहून नेमकी आहे. ग्रीक यज्ञाचा क्रम बघितला की ती कुठे बसते ते कळतं.

जनावर मिरवत वेदीपाशी आणायचं. टोपलीत जव आणि जवाखाली सुरी. जनावराच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं, जव टाकायचे, कपाळावरचे केस कापून आगीत. बैल असेल तर आधी कुऱ्हाडीचा घाव, मग गळा. बायका मोठ्याने आरोळी देत, रक्त वेदीवर. देवाचा वाटा म्हणजे चरबीत गुंडाळलेली मांडीची हाडं आणि माकडहाडासकट शेपूट. जळताना शेपूट वर वळली तर शुभ. (ती वळतेच, प्रयोग करून पाहिलेलं आहे.) काळीज, कलेजी, फुप्फुस, गुर्दे सळईवर भाजून वेदीजवळचेच लोक आधी खातात. बाकीचं शिजवून पंगतीला किंवा वाटून. कातडं आणि एखादी तंगडी बहुधा पुजाऱ्याची.

म्हणजे देवाला धूर, माणसाला मांस. प्राचीन ग्रीक कवी हेसिओदच्या कथेत प्रमिथ्यूस देवांचा राजा झ्यूसला फसवतो तो याच वाटणीत. देवाशी नातं जुळतं ते वेदीच्या वर्तुळात बसून खाल्ल्याने. तिथून उचलून खाटकाच्या फळीवर गेलेलं मांस हे नुसतं मांस. पौलाने पंगत मना केली, मांस नाही.

वसईवाला
अजिबात पटलं नाही. उंबरठा ओलांडला की मांस शुद्ध, हा हिशेब पौलाचा नाही, तुमचा आहे. १०:२० मध्ये यज्ञ *कोणाला* केला हे महत्त्वाचं, कुठे खाल्ला ते नाही. आणि ते वाक्य थेट जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातून (३२:१७) आलंय. १०:२७-२८ पाहा: जेवण खाजगी घरात आहे, कोणी 'हे यज्ञातलं आहे' म्हणालं तर खाऊ नका. तिथे कुठली वेदी? प्रेषितांची कृत्ये १५:२९ मध्ये मूर्तीला वाहिलेलं टाळा म्हटलंय, स्थळाची अट नाही. नव्या करारातल्या प्रकटीकरण या पुस्तकात पेर्गम आणि थुवतीरा मंडळ्यांना याच कारणासाठी झापलंय. 'दिदाखे' हे आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचं नियमपुस्तक तर म्हणतं, हे कटाक्षाने टाळा, ही मेलेल्या देवांची सेवा आहे. आपल्याकडे प्रसादाचा प्रश्न घरोघरी येतो, तिथेही 'देवळाबाहेर आला की चालतो' हे कोणाला पटेल?

भाष्यकार
१०:२९ का गाळलंत? तिथे पौल स्पष्ट करतो: विवेकबुद्धी तुझी नव्हे, त्या सांगणाऱ्याची. मांसातच काही चिकटलेलं असतं तर सांगणारा गप्प बसल्याने ते धुतलं गेलं नसतं. शिवाय १०:१८ मध्ये तो इस्राएलाचं उदाहरण देतो. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातलं शांत्यर्पण बघा: चरबी वेदीवर, उर आणि उजवी मांडी याजकाला, बाकी अर्पण करणाऱ्याला. ग्रीक वाटपाशी किती जुळतं! पौलाला हा नकाशा घरचाच होता.

खापरखुणा
दोघेही अभिजात अथेन्सचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून भांडताय. करिंथ इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलं आणि ४४ मध्ये सीझरने रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. पौलाच्या काळी तिथल्या अधिकृत विधींवर रोमन छाप होती. आरोग्यदेव अस्क्लेपिओसच्या देवळाजवळ तीन भोजनखोल्या सापडल्या, प्रत्येकीत भिंतीलगत ११ बैठका. पण बांधकाम इ.स.पू. चौथ्या शतकातलं, आणि पौलाच्या काळी त्या वापरात होत्या का यावर वाद आहे. शहरामागच्या अक्रोकरिंथ डोंगराच्या उतारावर धान्यदेवी देमेतेरच्या डझनावारी भोजनखोल्या होत्या, रोमन काळात त्यांचा तसा वापर उरला नाही.

दुसरं, काही ग्रीक देवस्थानांच्या शिलालेखांत नियम कोरलेला आहे: मांस बाहेर न्यायचं नाही, आवारातच संपवायचं. तिथलं मांस बाजारात येणारच नाही. इतर ठिकाणचं येई. म्हणजे 'देऊळ विरुद्ध बाजार' ही रेघ पंथागणिक सरकते.

तिसरं भाष्यकारांना जड जाईल. इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस गावातून ग्रीक भाषेतली जेवणाची आमंत्रणं मिळाली आहेत. एकात खैरेमोन बोलावतो: उद्या १५ तारखेला, नवव्या तासापासून (दुपारी तीनच्या सुमारास), सेरापेउममध्ये (सेरापिस देवाच्या देवळात), प्रभू सेरापिसच्या मेजावर. दुसऱ्यात तेच 'प्रभू सेरापिसचं मेज' आहे, पण एका गृहस्थाच्या *घरी*. ही आमंत्रणं पौलानंतरची आहेत हे खरं, तरी छप्पर कोणाचं यावर काही ठरत नव्हतं एवढं नक्की.

वसईवाला
हेच तर म्हणतोय.

भाष्यकार
छपराचा आग्रह सोडतो, पंगतीचा नाही. १०:२१ मध्ये शब्द मेजच आहे: प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज. यजमान देव असेल तर बसू नका, मग घर असो की देऊळ. आणि बाजाराचं म्हणाल तर चर्चचा इतिहासकार थिओडोरेट लिहितो, जुन्या देवांकडे वळलेल्या रोमन ज्युलियन बादशहाने (इ.स. ३६२-६३) अंत्युखियात बाजारातल्या पाव-मांस-भाजीवर देवळातलं पाणी शिंपडवलं. ख्रिस्ती लोक हळहळले, पण १०:२५ चा आधार घेऊन खात राहिले.

वसईवाला
तिथे दुसरं काही मिळतच नव्हतं, त्याला सक्ती म्हणतात. मोकळेपणी निवड होती तेव्हाचं पाहा: साधारण इ.स. ११२ मध्ये रोमन सुभेदार प्लिनी बिथुनियातून (आजच्या तुर्कस्तानातून) सम्राट त्राजानला कळवतो की बळीच्या मांसाला आजवर गिऱ्हाईक क्वचितच मिळायचं, आता पुन्हा विक्री होतेय. ख्रिस्ती लोक बाजारातूनही घेत नव्हते.

खापरखुणा
त्या पत्रात तो देवळं ओस पडल्याचंही सांगतो आणि दोष ख्रिस्ती पंथाच्या फैलावालाच देतो. पण गिऱ्हाईक पाप म्हणून टाळत होतं, की पंगतीलाच जाणं बंद झाल्याने मागणी आटली, हे पत्रात नाही. त्यावर 'बाजारातूनही घेत नव्हते' एवढं उभं राहत नाही.