झेवियर्स: इमारतीपलीकडचं

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या गॉथिक इमारतीबद्दल बरंच बोललं जातं, पण कॉलेज खरं वाढलं ते तिथल्या फादरांच्या अभ्यासामुळे. 1869 साली जेझुइट या कॅथलिक संघाच्या जर्मन फादरांनी ते सुरू केलं. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे म्हणून त्यांना हलवलं गेलं. पुढे स्पॅनिश फादर आले. त्यातल्या हेरास यांनी 1926 मध्ये इतिहास संशोधन संस्था उभारली, तर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची तपशीलवार नोंद केली.

स्विस फादर ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह तर आवर्जून बघाच! वाळवून कागदावर चिकटवलेली रोपटी, कोपऱ्यात ठिकाण, तारीख. सह्याद्रीचं एवढं जुनं दप्तर मुंबईत आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. 2010 मध्ये कॉलेजला स्वायत्तता मिळाली, तेव्हाही हा संग्रह जपणं चालूच होतं.