घरात आणि मैदानात एकच रिमोटची गाडी?
एकच गाडी हॉलमध्येही आणि सोसायटीच्या मैदानावरही चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. घरासाठी १:२४ किंवा १:२८ मापाची (म्हणजे खऱ्या गाडीच्या २४ व्या किंवा २८ व्या हिश्शाएवढी) छोटी गाडी घ्या, ती सोफ्याच्या पायांमधूनही सहज वळते. तीच बाहेर नेली तर खडीत अडकते आणि गवतात तर हलतही नाही. मैदानासाठी १:१० चा ट्रक हवा: मोठी रबरी चाकं, चांगलं सस्पेन्शन आणि जमिनीपासून उंच पोट.

बरेच जण गाडीच्या वेगावर बोलतात, पण मुलासाठी मी आधी रिमोट बघेन. स्वस्त खेळण्यात बटण दाबलं की गाडी एकदम पूर्ण वेगात सुटते. प्रपोर्शनल रिमोटमध्ये ट्रिगर जितका दाबाल तितकाच वेग मिळतो, त्यामुळे घरातही ताबा राहतो. भावंडं एकत्र खेळणार असतील तर २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणाराच सेट घ्या. २७ मेगाहर्ट्झच्या एकाच चॅनेलवरच्या दोन गाड्या एकमेकींचे सिग्नल बिघडवतात.

लिपो (लिथियम-पॉलिमर, पुन्हा चार्ज होणारी) बॅटरी मात्र मोठ्यांनीच, समोर थांबून चार्ज करावी. फुगलेली दिसली तर कृपया अजिबात वापरू नका. आणि गिअर, चाकं असे सुटे भाग मिळतात का, हे दुकानदाराला आधीच विचारून घ्या.