लंबकाच्या प्रयोगात 'जी' १०.७५ येतोय, चूक कुठे?

अकरावी_सायन्स:
साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल जुळत नाहीये. दोरा १०० सेंमी, खाली पितळी गोळा, व्यास २ सेंमी. २० दोलनांचा वेळ तीनदा घेतला: ३८.३, ३८.४, ३८.३ सेकंद. म्हणजे आवर्तकाल (एका दोलनाचा वेळ) १.९१७. सूत्रात (पायच्या वर्गाची चौपट गुणिले मीटरमधली लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग) घातलं की 'जी', म्हणजे गुरुत्वीय त्वरण, १०.७५ मी/से². स्टॉपवॉच बदलून पाहिलं, तेच. पार्टनर म्हणतोय, सरळ पुस्तकातलं ९.८ लिहून टाक.

लंबकर्ण:
९.८ लिहू नकोस, तुझी रीडिंग चांगली आहेत. तिन्ही ०.१ सेकंदात बसतात, म्हणजे दरवेळी एकच चूक होतेय. घड्याळ दाबताना 'एक' म्हणतोस का? तिथे 'शून्य' म्हणायचं. 'एक' म्हणून सुरू केलं आणि 'वीस'ला थांबलं की दोलनं १९च भरतात.

३८.३३ भागिले १९ करून बघ: २.०१७. त्याचा वर्ग ४.०७. ३९.४८ (पायच्या वर्गाची चौपट) भागिले ४.०७ म्हणजे ९.७०. एका दोलनाच्या चुकीने वेळ ५ टक्के हलते, आणि वर्गामुळे 'जी' जवळपास ११ टक्के.

प्रयोगवही:
राहिलेली तूट लांबीत आहे. १०० सेंमी गोळ्याच्या माथ्यापर्यंतच मोजलंस ना? लांबी केंद्रापर्यंत धरायची, म्हणजे १ सेंमी त्रिज्या मिळव. १.०१ मीटर घातलं की ९.८०.

दोरा दांडीला गाठ मारून बांधू नये. झुलताना तो दांडीवर गुंडाळतो-सुटतो आणि लांबी बदलत राहते. मधोमध चिरलेल्या बुचात घट्ट धरायचा. मोजणी टोकाला नाही, मध्याला: तिथे मागे खडूची उभी रेघ मार. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका कधी वळला ते कळत नाही; मध्यावर तो सर्वांत वेगात असतो. कोन ५ अंशांच्या आत. ३० अंशांना आवर्तकाल पावणेदोन टक्के वाढतो. गोळा लंबगोल फिरायला लागला तर सरळ थांबवून पुन्हा सोड.

आणि एकाच लांबीवर विसंबू नकोस. ६० ते १०० सेंमीची पाच रीडिंग घे, आडव्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग, उभ्यावर लांबी. त्रिज्या विसरलास तर रेघ उभ्या अक्षाला उणे १ सेंमीवर छेदेल, चढ मात्र तोच राहील. चढ गुणिले ३९.४८ म्हणजे 'जी'.

अकरावी_सायन्स:
'एक'च म्हणत होतो 🙈 पण भूगोलाच्या सरांनी सांगितलं की 'जी' जागेनुसार बदलतो. मग मुंबईत नेमका किती यायला हवा?

खडकवाचक:
सुमारे ९.७८६. विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२. याला दोन कारणं आहेत: पृथ्वीच्या फिरण्याने विषुववृत्तावर ०.०३४ कमी होतात, आणि मधल्या फुगवट्यामुळे तिथला पृष्ठभाग केंद्रापासून सुमारे २१ किमी जास्त लांब आहे. (फुगवटासुद्धा फिरण्यामुळेच, ते वेगळं.)

हा फरक पहिल्यांदा लंबकानेच पकडला. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तर तिथे त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक जवळपास ३ मिमी आखूड करावा लागला.

तुझ्या २० दोलनांत मात्र मुंबई आणि ध्रुव यांच्यात फरक पडेल जेमतेम ०.०९ सेकंद, म्हणजे बटण दाबण्यातल्या चुकीएवढाच. १०० दोलनं मोजलीस तर तो अर्ध्या सेकंदाजवळ जातो. शून्यापासून मोज म्हणजे झालं.