प्रतिसाद: व्हर्सायच्या पलीकडचा चौदावा लुई

‘फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने व्हर्सायच्या राजवाड्यावर पैसा उधळला, बाकी काय केलं?’ हा प्रश्न वाचून राहवलं नाही. उधळला, मान्य. पण हा गडी स्वतः नाचायचा हो! १६५३ साली, वय अवघं चौदा, रात्रभर चाललेल्या दरबारी बॅलेत (नृत्यनाट्यात) सोनेरी पोशाख घालून उगवत्या सूर्याच्या, अपोलोच्या भूमिकेत उतरला. ‘सूर्यराजा’ ही प्रतिमा तिथेच पक्की झाली. १६६१ मध्ये त्याने नृत्याची राजेशाही अकादमी काढली. आज मुंबईतल्या बॅलेच्या क्लासातही ‘प्लिए’, ‘जेते’ असे फ्रेंच शब्दच ऐकू येतात, त्याचं मूळ इथे.

त्याचा लाडका संगीतकार ल्युली. राजा शस्त्रक्रियेतून बरा झाला म्हणून १६८७ मध्ये मोठा कार्यक्रम ठेवला. ताल धरायची जड काठी जमिनीवर आपटताना ल्युलीच्या स्वतःच्याच पायावर बसली. जखम चिघळली, पाय कापू देईना, त्यातच गेला. (राजा मात्र पुढे अठ्ठावीस वर्षं जगला!)

अर्थात १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर कुशल कारागीरही देश सोडून गेले. कलेच्या कौतुकात हे विसरू नये. बाकी, व्हर्सायच्या कारंज्यांना पाणी कधीच पुरलं नाही. राजा येताना दिसला की शिट्टी वाजायची आणि तेवढ्यापुरतं कारंजं सुरू!