३८० फुटांच्या बोअरला सौरपंप घ्यावा की थ्री फेजची वाट बघावी?

मोसंबीवाला (ता. अंबड, जि. जालना)
राम राम मंडळी. चार एकर रान आहे, त्यात दोन एकरांवर मोसंबी, २७० झाडं, बाकी कापूस-तूर. गेल्या वर्षी ३८० फूट बोअर घेतला. पावसाळ्यानंतर पाणी १२० फुटांवर असतं, एप्रिलमध्ये २८० फुटांवर जातं. कनेक्शनचं कोटेशन भरून बसलोय. तोवर चुलतभावाच्या डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) केबल ओढून चालवतो, त्यामुळे आठवडाआड लाईट रात्रीची म्हणून रात्रपाळी आणि घरात कटकट दोन्ही ठरलेलं. आता ऑफिसात म्हणतात, पोल-तार विसरा, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मधून ५ एचपी घ्या, १० टक्के भरा. आमच्या गावात एकाला विहिरीवर बसवलाय, तो खूश आहे. पण त्याची विहीर ५० फुटांची! माझ्या बोअरला जमेल का? वडील म्हणतात, तारेची लाईट ती लाईट.

काळी_माती
दिवसा पाणी मिळतं, साप-विंचवाचं भ्या नाही, बिल नाही. डोळे झाकून घ्या.

रिवाइंडिंगवाले काका (गेवराई)
डोळे झाकून काहीच घेऊ नका. मी मोटारी भरतो, सोलरचेही पंप उघडून बघितलेत. लोक एचपी विचारतात, हेड, म्हणजे पाणी एकूण किती उंच चढवायचंय, ते कुणीच विचारत नाही. सगळी गोम तिथंच आहे.

एप्रिलचं २८० फूट म्हणजे ८५ मीटर. त्यावर ड्रीपला एक किलो प्रेशर धरा, ते आणखी १० मीटर. पाइपातली घट धरली की १०० मीटर झाले. केंद्र सरकारच्या तक्त्यात ५ एचपी डीसी सबमर्सिबलला (पाण्यात बुडून चालणाऱ्या पंपाला) ४८०० वॅटची पॅनेल धरलीत. त्या तक्त्याप्रमाणे दिवसाला पाणी ३० मीटरवर १,६८,००० लिटर, ५० मीटरवर १,००,८०० आणि १०० मीटरवर ४५,६००. तुमच्या गावकऱ्याची विहीर पहिल्या आकड्याच्याही वर, तुमचा बोअर एप्रिलमध्ये शेवटच्या आकड्यावर. पॅनेल तेवढीच, एचपी तोच.

आणि ४५,६०० हे चांगल्या उन्हाचं, पॅनेल सूर्याकडे फिरवत ठेवल्याचं गणित आहे. फिरवतो कोण? धूळ तरी कोण पुसतो? मी माझ्या अंदाजानं ३०-३५ हजार धरतो. झाडाला उन्हाळ्यात शंभर-सव्वाशे लिटर म्हटलं तर तुमच्या २७० झाडांना २७ ते ३४ हजार. म्हणजे बाग जेमतेम निघेल, दुसऱ्या पिकाचं नाव काढायचं नाही.

आणखी एक. कोवळ्या उन्हात मोटार फिरते, पण तिचे फेरे कमी पडले की खोल बोअरचं पाणी तोंडापर्यंत चढतच नाही. विहिरीवाल्याचं पाणी सकाळी आठला सुरू होईल, तुमचं दहाच्या आसपास. ढग आला की पुन्हा खाली. यात पंपाचा दोष नाही, तरी लोक मला शिव्या घालतात ती गोष्ट वेगळी.

घेणार असाल तर १०० मीटर हेडचाच पंप मागा. ७० मीटरचा उतरवला तर ऐन उन्हाळ्यात नुसता घरघरेल. पैसे भरल्यावर पुरवठादार तुम्हीच निवडायचा असतो, तेव्हाच बोअरची खोली आणि एप्रिलची पाणीपातळी लिहून द्या. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा त्यांच्याकडे असतो. वादळात पॅनेल उडालं, केबल चोरीला गेली, तर त्याच दिवशी फोटो काढून तक्रार टाका.

भोकरदनची लेक (सध्या पुणे)
काकांचं गणित पटलं. पण हा सौदा शेतकऱ्यावरच का येतो, हेही बोलायला हवं. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल सरकार भरतं, तेही मार्च २०२९ पर्यंत. शेतीची वीज आधीपासून स्वस्त, त्याचा भार उद्योगांच्या दरावर. म्हणजे तारेवर नवा पंप चढला की सरकारचा खर्च वाढतो आणि सौरपंप दिला की एकदाच काय तो खर्च होऊन सुटका. चंद्रपूरचा कोळसा वाचतो हे खरंच, मला ते हवंच आहे. पण माझं मत सौर कृषी वाहिनीच्या बाजूनं आहे. ती योजना २०१७ ची, २०२३ ला दुसरा टप्पा आला. सबस्टेशनजवळच्या पडीक जमिनीवर प्रकल्प, जमीनमालकाला हेक्टरी सव्वा लाख वर्षाला भाडं, आणि तुमची मोटार आहे त्याच तारेवर दिवसा चालते. पावसाळ्यात पंप बंद असला तरी तिथली वीज ग्रिडला जाते. बांधावरची पॅनेल त्या वेळी नुसती ऊन खात उभी.

काळी_माती
ताई, वाहिनीचा प्रकल्प आमच्या सबस्टेशनला कधी होणार? तोवर मोसंबी वाळू द्यायची का?

भोकरदनची लेक (सध्या पुणे)
दादा, वाळू द्या कोण म्हणतंय? सबस्टेशनला विचारा, वाहिनीचं काम मंजूर आहे का. मंजूर असेल तर कोटेशन सोडून देण्याची घाई नको, एवढंच.

मोसंबीवाला
काका, शेततळं आहे माझं, कागद अंथरलेलं, पण उन्हाळ्यात रिकामंच असतं. त्याचा काही उपयोग?

रिवाइंडिंगवाले काका (गेवराई)
हे आधी सांगायचं की हो! मग चित्र बदललं. दिवाळी ते फेब्रुवारी पाणी वर असतं, हेड ५० मीटरच्या आत, लाखभर नाही तरी सत्तर हजार लिटर दिवसाला निघेल. बागेचं भागवून उरलेलं तळ्यात सोडा, एप्रिल-मेला तेच ड्रीपला. वर जाळी किंवा काहीतरी झाकण टाका, नाहीतर निम्मं ऊनच पिईल. मात्र तुमच्या बोअरला तेवढा झरा आहे का, ते आधी चुलतभावाच्या लाईटीवर सलग मोटार चालवून बघा. बोअर दोन तासांत उचक्या देत असेल तर सोलर काय आणि पोल काय.

मोसंबीवाला
येत्या आठवड्यात दिवसपाळी आहे, तेव्हा बघतो. अंबड-घनसावंगीकडे कुणाला १०० मीटर हेडचा पंप मिळालाय का? मिळाला असेल तर मेमध्ये दुपारी किती पाणी पडतं, ते टाका इथं.